दोन दारं

आमच्या मेडिकल कॉलेजच्या ऑपरेशन थिएटरला कपडे बदलायच्या दोन खोल्या होत्या. एका दारावर ‘डॉक्टर्स’ अशी पाटी, दुसऱ्यावर ‘नर्सेस’. १९८६ साली मी जनरल सर्जरीच्या एम. एस.ला प्रवेश घेतला आणि पहिल्याच सकाळी प्रश्न पडला, आपण जायचं कुठल्या दारानं? शेवटी एका वयस्क सिस्टरनं हात धरला. “या बाई, आमच्यात या.”

तेव्हा ते किरकोळ वाटलं. पण ऑपरेशनं आटोपली की डॉक्टरांच्या खोलीत चहा यायचा आणि उद्याची यादी तिथंच ठरायची. हर्नियाला कुणी हात लावायचा, शोधनिबंध कुणी लिहायचा, परिषदेला कोण जाणार, सगळं. मी बाहेर येईपर्यंत कप रिकामे झालेले असत. कुणी मुद्दाम वगळलं असं मी म्हणणार नाही. सर भले गृहस्थ होते. “तुझं अक्षर सुरेख आहे, तू केसपेपर बघ,” म्हणायचे. पण सर्जरी ही हाताची विद्या. अक्षरानं ती येत नाही.

वॉर्डातली गंमत वेगळीच. राऊंड संपवून निघाले की कन्नड खेड्यातले एखादे आजोबा विचारत, “सिस्टर, डॉक्टर यावाग बरतार्री?” डॉक्टर केव्हा येणार! शेजारच्या खाटेवरचे मराठी आजोबा तेच मराठीत विचारत. एवढ्या एका बाबतीत आमच्या सीमाभागात भाषेचा तंटा नव्हता.

पुढं लग्न झालं, मुलगी झाली, सासूबाईंना अर्धांगवायू झाला. रात्रीची ड्यूटी मी कधी चुकवली नाही. संध्याकाळी ग्रंथालयात बसून निबंध लिहायचं मात्र राहून गेलं. बढतीच्या वेळी निबंध मोजतात, जागलेल्या रात्री नाहीत. बरोबरीचे प्राध्यापक झाले, विभागप्रमुख झाले. मी सहयोगी प्राध्यापक म्हणूनच निवृत्त झाले.

हे एकट्या आमच्या कॉलेजचं नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सनं १९११ साली एलिनॉर डेव्हिस-कॉली या पहिल्या स्त्रीला फेलो करून घेतलं. अध्यक्षाच्या खुर्चीवर स्त्री बसायला, क्लेअर मार्क्स यांच्या रूपानं, २०१४ साल उजाडलं. उंबरठ्यापासून खुर्चीपर्यंत १०३ वर्षं! आपल्याकडं मद्रासच्या डॉ. टी. एस. कनका यांनी १९६८ सालीच न्यूरोसर्जरीची पदवी मिळवली होती. आमच्या वर्गात त्यांचं नाव कुणी घेतलं नाही.

पण मला आज तक्रार सांगायची नाही, कबुली द्यायची आहे. २००३ साली एक विद्यार्थिनी माझ्याकडं आली. तिच्या हाताला टाक्याची उपजत जाण होती. गाठ पहिल्या खेपेला नेमकी बसायची. “मॅडम, सर्जरी घेऊ का?” तिनं विचारलं. मी म्हणाले, “बाई गं, त्वचारोग घे. संसार सांभाळून होतं.” सरांनी १९८६ साली मला हेच सांगितलं होतं, फक्त त्वचेच्या जागी डोळे होते. मी त्यांचं ऐकलं नव्हतं. तिनं माझं ऐकलं.

गेल्या वर्षी शहापुरात एका लग्नात ती भेटली. दवाखाना छान चालतो. वाकून नमस्कार करत म्हणाली, “मॅडम, तुमचं ऐकलं म्हणून सुखात आहे.” असेलही. मी तोंडभर आशीर्वाद दिला. पण पंगतीत माझं लक्ष पुनःपुन्हा तिच्या बोटांकडं जात होतं.

आता कुणा मुलीनं विचारलं तर मी ‘घे’ किंवा ‘नको’ म्हणणार नाही. एवढंच सांगेन, तिथं पहिल्या वर्षी किती ऑपरेशनं स्वतःच्या हातानं करू देतात ते विचार. उद्याची यादी कुठं ठरते ते शोध. आणि चहा ज्या खोलीत येत असेल, तिथं जाऊन खुशाल बस.