जकातीचा फेरविचार

२०२५ च्या मे महिन्यातील एका रविवारी सकाळी माझे आतेभाऊ घरी आले. ते माझ्याहून आठ वर्षांनी मोठे असल्याने लहानपणापासून मी त्यांना दादा म्हणतो. बेळगावच्या उद्यमबागेत त्यांचे एक छोटे वर्कशॉप आहे. अकरा माणसे कामाला आहेत. हायड्रॉलिक यंत्रांना लागणाऱ्या तेलाच्या टाक्या, झाकणे आणि पत्र्याची अशीच किरकोळ कामे तेथे होतात. चहा येईपर्यंत दादा काही बोलले नाहीत. मग खिशातून पत्र्याच्या व्यापाऱ्याचे बिल काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, "बघ की हे. पत्रा आपल्याच देशातला. भाव वाढला का विचारलं तर व्यापारी म्हणतो, परदेशी मालावर जकात बसली. ती मी का भरायची?"

हाच प्रश्न एखाद्या पक्षकाराने विचारला असता, तर मी कागद ठेवून घेऊन त्याला बुधवारी बोलावले असते. दादांना तारीख देता येत नाही.

मी त्यांना समजावू लागलो. त्या वर्षी २१ एप्रिलला केंद्र सरकारने परदेशातून येणाऱ्या पोलादी पत्र्यावर, प्लेटांवर आणि कॉइलांवर २०० दिवसांसाठी १२ टक्के तात्पुरती संरक्षक जकात बसवली होती. ती सरकारजमा होते फक्त बंदरात उतरणाऱ्या मालावर. देशातल्या पत्र्यावर तिचा एक पैसाही नाही. परंतु देशातला कारखानदार भाव ठरवताना प्रथम पाहतो ते हे, की परदेशी पत्रा जकातीसह बंदरात केवढ्याला पडतो. तो त्याच्या भावाचा माथा. माथा वर गेला की खालच्या भावाला वर सरकायला जागा होते. बाजारात मागणी नसेल तर तो सरकतही नाही. पण मागणी असेल तर सरकल्यावाचून राहात नाही. परदेशी मालावरची जकात तिजोरीत जाते, आणि देशी मालाची वाढलेली किंमत कारखान्याकडे. ज्याने परदेशी पत्रा जन्मात पाहिलेला नाही तोसुद्धा ती देतो.

"म्हणजे बिलात न लिहिलेली जकात," दादा म्हणाले.

इतक्या थोडक्या शब्दांत ही गोष्ट मला कोणत्याही सुनावणीत सांगता आली नव्हती. खरे म्हणजे ती सांगण्याचे माझे कामच नव्हते. बेळगावला परतण्यापूर्वी काही वर्षे मी दिल्लीत एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली होतो, आणि आमचे पक्षकार असत ते धातू बनवणारे कारखानदार. बिल माझ्या हातात होते आणि एक जुने प्रकरण माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले.

ते प्रकरण डंपिंगविरोधी जकातीच्या पुनर्विलोकनाचे होते. परदेशी उत्पादक आपल्या देशात ज्या भावाने विकतो त्याहून कमी भावाने इकडे माल उतरवू लागला, आणि त्यामुळे इथल्या धंद्याची हानी झाली, तर दोन्ही भावांतील तफावतीपर्यंत जकात बसवता येते. १९७५ च्या सीमाशुल्क दर अधिनियमाच्या ९ अ कलमात ही तरतूद आहे. मात्र ही जकात कायमची नसते. पाच वर्षांनी ती आपोआप संपते. संपू द्यायची नसेल तर पुनर्विलोकन करावे लागते. त्या वेळी मुख्य प्रश्न असतो तो असा : जकात उठवली तर डंपिंग आणि हानी चालू राहण्याचा किंवा पुन्हा उद्भवण्याचा संभव आहे काय? एरवी न्यायालयात आम्ही झालेल्या गोष्टींचे साक्षीदार आणतो. येथे न झालेल्या गोष्टीची साक्ष काढायची असते. परदेशी कारखान्यांची शिल्लक उत्पादनक्षमता किती, इतर देशांनी त्यांना दारे लावली आहेत काय, यावरून उद्याचे चित्र रेखाटायचे.

हानी कशी मोजावी याची यादी नियमांतच आहे : उत्पादन, विक्री, नफा, क्षमतेचा वापर, रोजगार, मालाचा साठा. आमच्या पक्षकारांचे तक्ते चोख होते आणि त्यांत खोटे काही नव्हते. परंतु जकातीचा बोजा माल वापरणाऱ्यांवर कितपत पडतो, याचेही उत्तर द्यावे लागे. तो भाग माझ्याकडे आला. मी रेफ्रिजरेटरचे उदाहरण घेतले. रेफ्रिजरेटरच्या किमतीत पत्र्याचा वाटा लहान, आणि त्या वाट्यावर जकातीचा भार त्याहून लहान. परिणाम नगण्य, असे मी लिहिले. त्याखाली आणखी एक वाक्य लिहिले, की या मालाच्या कोणाही लहान वापरकर्त्याने हरकत नोंदवलेली नाही.

दोन्ही विधाने खरी होती. आमची सरशी झाली. जकात चालू राहिली.

मसुदा इंग्रजीत होता. आज तो शब्द मी मराठीत उच्चारतो तेव्हा मला त्याचा खरा अर्थ कळतो. नगण्य म्हणजे लहान नव्हे. नगण्य म्हणजे जे मोजायचे नाही ते. तेलाच्या टाकीच्या किमतीत निम्म्याहून अधिक पत्राच असतो. उदाहरण म्हणून मी टाकी घेतली असती तर ते वाक्य कागदावर उतरलेच नसते. उद्यमबागेतल्या त्या वर्कशॉपमध्ये मी लहानपणी सुट्ट्या घालवल्या होत्या. टाकी मला ठाऊक नव्हती असे म्हणण्याचीही सोय नाही.

हे सगळे मी दादांना सांगितले. ते रागावतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी फक्त एवढेच विचारले, "हरकत घ्यायची होती ती कुठं?"

मी त्यांना सांगितले की प्रश्नावली निघते, मुदत असते, दिल्लीत तोंडी सुनावणी असते. सांगता सांगता माझे मलाच हसू आले. पोलाद बनवणारे मोठे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांना एका टेबलाभोवती बसता येते आणि वकील देता येतो. पत्रा कापणारे देशभर पसरलेले. एकेकाचे नुकसान इतके थोडे की वकिलाची फी त्याहून मोठी. न्यायासनासमोर खुर्च्या मांडलेल्या असतात, कोणाला मज्जाव नसतो; पण काही खुर्च्या रिकाम्या राहतात आणि रिकाम्या खुर्चीचा अर्थ संमती असा लावला जातो.

हा पेच नवा नाही. हिंदुस्थानात पोलादावर संरक्षक जकात बसली ती १९२४ साली, जमशेदपूरचा टाटांचा कारखाना स्वस्त परदेशी पोलादापुढे टिकेना म्हणून. त्याची चौकशी करण्यासाठी १९२३ मध्ये जे टॅरिफ बोर्ड नेमले त्यात तिघे होते : अध्यक्ष जॉर्ज रेनी, कायदेपंडित पदमजी जिनवाला आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक वामन गोविंद काळे. पुढे १९३५ साली बँक ऑफ महाराष्ट्र स्थापन करण्यात पुढाकार घेतला तेच हे काळे. संरक्षण द्यावे, पण पारखून द्यावे, हे सूत्र त्याआधीच्या फिस्कल कमिशनने घालून दिले होते. धंद्याला नैसर्गिक अनुकूलता हवी, आधारावाचून तो वाढणार नाही अशी स्थिती हवी, आणि एक दिवस तो आधारावाचून उभा राहील असा भरवसा हवा. बोर्डाने पोलाद वापरणाऱ्या अभियांत्रिकी धंद्यांचाही वेगळा विचार केला. कच्चा माल महाग केला तर त्यापासून वस्तू घडवणाऱ्याचे काय, हा दादांचा प्रश्न तेव्हाच टेबलावर आला होता. १९२४ च्या कायद्याला मुदत होती ती ३१ मार्च १९२७ पर्यंतची.

मुदत संपताना पुन्हा चौकशी झाली. जकात राहिली, मात्र १९२७ च्या कायद्याने ब्रिटिश पोलादाला कमी दर आणि इतर देशांच्या पोलादाला अधिक दर असा भेद केला. फेरविचार झाला म्हणजे न्याय झालाच असे नाही. दार पुन्हा उघडले की जो दाराशी आधीच उभा आहे तो प्रथम आत शिरतो.

आमच्या काळातही वापरणाऱ्यांचे म्हणणे कधी ऐकले गेले नाही असे नव्हे. धातूंचे भाव भडकले होते तेव्हा, २०२२ च्या अर्थसंकल्पात, स्टेनलेस स्टील आणि मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्यावरील काही जकाती लोकहितासाठी उठवल्या गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पोलादाच्या अनेक प्रकारांवर १५ टक्के निर्यात जकात बसली आणि नोव्हेंबरात ती काढली गेली. मोठ्या कारखान्याला असे हेलकावे सोसतात. अकरा माणसांच्या वर्कशॉपला टाकीचा भाव सहा महिने आधी कबूल करावा लागतो.

मला वाटले होते, दादा म्हणतील की जकातच नको. ते तसे म्हणाले नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात आमच्या बेळगावातली. १९१० साली ते किर्लोस्करवाडीस गेले. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईनासे झाले तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून त्यांनी काम चालू ठेवले, ही गोष्ट इकडच्या प्रत्येक कारागिराने ऐकलेली असते. दादा म्हणाले, "आपले कारखाने बंद पडले आणि उद्या बाहेरनं पत्रा येईना झाला, तर मी काय वितळवू? तोफा संपल्या. जकात असू दे की. पण किती, आणि कुठवर, हे मला कोणीतरी सांगावं."

एका वर्षात अकरा कोटी टनांच्या आसपास पोलाद चीनने परदेशी पाठवले ते २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये. त्या लोंढ्यापुढे बांध नको असे म्हणणे सोपे आहे. पण त्या कारखान्यांतही माणसेच काम करतात. म्हणून दादांचा प्रश्न मला अधिक रास्त वाटतो. किती आणि कुठवर : फिस्कल कमिशनच्या साऱ्या सूत्राचा अर्क या दोन शब्दांत आला.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघे पाच रविवार बसलो. दादांची वही, बिले, टाकीमागे किलो किती लागतो, मजुरी किती, भाव कधी कबूल केला आणि पत्रा कधी घेतला. शेजारच्या सहा वर्कशॉपांनीही आपले आकडे दिले. चौघांनी, व्यापारी बिथरेल म्हणून, दिले नाहीत. मी फी घेतली नाही. घेण्याचा अधिकार मला होता असे वाटलेही नाही. लेखी म्हणणे चार पानांचे झाले. त्यात रेफ्रिजरेटर नव्हता.

ऑगस्टमध्ये अंतिम शिफारस आली : तीन वर्षे जकात, पहिल्या वर्षी १२, दुसऱ्या वर्षी ११.५ आणि तिसऱ्या वर्षी ११ टक्के. डिसेंबरअखेर सरकारने ती मान्य केली. तीन वर्षांहून अधिक चालणाऱ्या अशा जकातीचे मध्यावर पुनर्विलोकन करण्याचे बंधन जागतिक व्यापार संघटनेच्या करारात आहे. बरोबर तीन वर्षांची असली की ते लागत नाही. हे वाचताना माझ्यातला जुना वकील मनात म्हणाला, मसुदा चांगला केला आहे.

मी दादांना फोन करून आकडे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वर्षाला अर्धा टक्का उतरतोय म्हण की." आणि थोड्या वेळाने, "पुढच्या खेपेला विचारतील तेव्हा आधी कळव. वही भरून ठेवतो."