घंटागाडीची मधली फळी

गेल्या गुरुवारी सकाळी साडेसातला गल्लीत घंटागाडी आली. मी नेहमीसारखा दोन्ही बादल्या घेऊन खाली गेलो. हिरवी ओल्याच्या कप्प्यात, निळी सुक्याच्या कप्प्यात, हे इतकं अंगवळणी पडलंय की हात आपोआप वळतो. पण कप्पे नव्हतेच. मधली फळी काढून टाकलेली.

"कुठंबी टाका दादा, आता समदं एकच हाय," गाडीवरची मावशी म्हणाली.

आमच्या घरी दुधाच्या पिशव्या धुऊन, खिडकीत वाळवून मग निळ्या बादलीत जातात. बायकोने लावलेली शिस्त. त्या धुतलेल्या पिशव्या माझ्या डोळ्यांदेखत कालच्या आमटीत पडल्या. वर जाऊन हे सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून सरळ गाडी काढली आणि घंटागाडीच्या मागं निघालो.

पत्रकारितेत वीसेक वर्षं काढली, पण कचऱ्याच्या गाडीमागं डेपोपर्यंत गेलो नव्हतो. बातम्या मात्र ढीगभर लिहिल्या. दोन वर्षांपूर्वी मीच लिहिलं होतं, 'कचरा वर्गीकरणाबाबत नागरिकांची उदासीनता'. अधिकाऱ्याची प्रतिक्रिया, एक फोटो, झाली बातमी. ती आठवून आता जरा लाज वाटते.

डेपोच्या फाटकाशी वजनकाटा आहे. गाडी काट्यावर चढली, पावती निघाली, गाडी आत जाऊन ढिगावर रिकामी झाली. पाच मिनिटांचं काम. ड्रायव्हरला विचारलं, फळी का काढली? तो सहज बोलून गेला, "फळीनं माल कमी बसतो. खेपा वाढतात, डिझेल जातं. अन् काट्यावर काय, एकच आकडा लागतो."

एकच आकडा. घरी येऊन कपाटातून कराराची प्रत काढली. माहिती अधिकारात मीच मागवली होती, पण खरं सांगतो, रक्कम बघून बातमी केली आणि बाकीची पानं वाचलीच नाहीत. आता वाचली. ठेकेदाराला पैसे मिळतात ते प्रतिटन. ओला किती, सुका किती, याचा देयकाशी संबंध नाही. वर्गीकरणाची अट आहे, शेवटून दुसऱ्या पानावर, एका ओळीत. ती पाळली नाही तर काय, याबद्दल एक अक्षर नाही.

म्हणजे बघा. आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात वजनानं साधारण निम्मा भाग ओल्याचा असतो. पाण्याच्या एक लिटरच्या रिकाम्या बाटल्या मात्र एक किलो व्हायला ४०-५० लागतात. टनावर पैसे घेणाऱ्या माणसानं बाटली वेगळी काढून भंगारात द्यावी कशाला? ती वेगळी काढायला माणूस लागतो, आणि ती बाहेर गेली की तेवढं वजन कमी होतं. उलट पुठ्ठा उष्ट्यात भिजला की जड होतो. पावसाळ्यात तर बोलायलाच नको. ठेकेदार वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. करार त्याला जे करायला सांगतो, तेच तो करतोय.

दुसऱ्या दिवशी मावशीशी निवांत बोललो. आधी गाडीच्या मागं तीन-चार पोती लटकलेली असायची, तुम्हीही पाहिली असतील. एकात पुठ्ठा, एकात बिसलेरी (पाण्याची कुठलीही बाटली, भंगारात तिचं नाव बिसलेरीच), एकात पत्रा आणि कडक प्लास्टिक. फेरी संपली की दोघी-तिघी बायका ते भंगारवाल्याला विकायच्या. मुकादमानं महिन्यापूर्वी पोती बंद केली. "म्हनला, गाडीवरचा माल मालकाचा हाय." रोजंदारीत घर चालायचं आणि भंगाराच्या पैशात बचत गटाचा हप्ता जायचा. आता हप्ता थकलाय. "आन् तुमी धुवून देत व्हता त्या पिशव्या," ती म्हणाली, "त्येला भाव बरा यायचा."

आपण ज्याला पुनर्वापर म्हणतो तो आपल्या गावात होत होता तो या पोत्यांमुळे. नगरपरिषदेच्या कुठल्याही योजनेमुळे नाही. सुक्या कचऱ्याला भाव असतो तो स्वच्छ आणि कोरडा असेपर्यंत. भिजलेला पुठ्ठा भंगारवाला पाडून मागतो नाहीतर परत करतो. काच जड आणि भाव कमी, म्हणून ती कुणालाच नको असते. चिप्सच्या, गुटख्याच्या चकचकीत पुड्यांना तर भावच नाही. त्यात प्लास्टिक आणि धातूचे थर चिकटवलेले असतात, फार तर सिमेंटच्या भट्टीत जाळायला जातात. ही निवड त्या बायका चालत्या गाडीवर हातानं करत होत्या, हातमोज्यांशिवाय. (डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून द्या, ही विनंती त्यासाठीच असते. तेवढं तरी करा.)

दुसरीकडे कसं चालतं? पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था आली. तीन हजारांहून जास्त सभासद, बहुतेक बायका. त्या दारोदार जाऊन कचरा घेतात, घरटी महिन्याला शुल्क घेतात, ओला पालिकेच्या गाडीत देतात आणि सुका स्वतः निवडून विकतात. विक्रीचे पैसे त्यांचेच. तिथं वेगळं करणाऱ्याच्याच खिशात फायदा जातो, म्हणून वेगळं होतं. करार संपला की मुदतवाढीसाठी त्यांनाही झगडावं लागलंय, तेव्हा पुण्यात सगळं आलबेल आहे असंही नाही. आणि पुणं मोठं शहर, आपल्याला कुठलं जमायला, असं कुणी म्हणेल म्हणून वेंगुर्ल्याचं सांगतो. आपल्यासारखीच छोटी नगरपरिषद. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथल्या डेपोची जागा लोक बघायला जातात अशी झाली.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घातक घरगुती कचरा वेगळा द्यायची जबाबदारी आपल्यावर टाकली होती. पण वेगळा दिलेला वेगळाच न्यायची आणि कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायची जबाबदारी नगरपरिषदेची, हेही त्याच नियमांत होतं. दंडाची नोटीस मात्र आपल्याच दाराला चिकटते.

हे आज लिहायचं कारण, जुन्या ठेक्याची मुदत संपतेय. नवीन निविदेचा विषय पुढच्या सभेपुढे येणार आहे. मसुदा मी पाहिला. तारखा बदलल्यात, रक्कम वाढलीय, 'प्रतिटन' तसाच आहे. मंजूर झाला की पुढची काही वर्षं बोलून उपयोग नाही. पैसे घरटी फेरीवर द्या, ओल्या-सुक्याची वजनं वेगळी नोंदवा, मिसळलेल्या गाडीचं देयक कापा आणि सुक्यावरचा हक्क गाडीवरच्या बायकांचा असं करारात लिहा, एवढंच मागणं घेऊन मी तीन नगरसेवकांना भेटलो. एक म्हणाला, "बघू." एक म्हणाला, "तुम्ही लेखी द्या." तिसऱ्याने चहा पाजला. लेखी दिलंय, पोच घेतलीय.

हे छापून आलं तर ठेकेदाराच्या वाढदिवसाची जाहिरात यंदा आमच्याकडे येणार नाही, हेही कळतंय. म्हणून आधी इथं लिहितोय.

उद्या सकाळी गाडी आली की आत डोकावून बघा. तुमच्या वॉर्डातल्या गाडीला फळी आहे का आणि मागं पोती लटकतायत का, एवढं कळवा. फोटो काढलात तर गाडीचा काढा, मावशीचा चेहरा येऊ देऊ नका. सभेला जाताना मला ती यादी सोबत न्यायचीय.