बारा व्होल्टचा उजेड

विजेचं काम म्हटलं की आपण ते वायरमनच्या हवाली करून मोकळे होतो. मीही आयुष्यभर तेच केलं. शाळेत मराठी शिकवली, विज्ञानाच्या तासाला कधी उभी राहिले नाही. पण गेल्या वर्षी पावसाळ्याआधी मागील दारी बारा व्होल्टचे दिवे लावून घेतले, आणि त्या निमित्ताने जे समजलं ते लिहून ठेवावंसं वाटतंय.

आमचं घर कोकणातलं, जुन्या बांधणीचं. न्हाणीघर आणि संडास मागच्या अंगणापलीकडे, पडवीपासून साधारण वीस मीटरवर. मध्ये जांभ्याच्या चार पायऱ्या. पावसात त्यांवर शेवाळ धरतं. ह्यांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. त्याच्या आदल्या श्रावणात ते तिसऱ्या पायरीवरून घसरले. हाड वाचलं, पण मुलाने पुण्याहून निक्षून सांगितलं, आता घर बंद करा आणि इकडे या. हे काहीच बोलले नाहीत. मीच म्हटलं, आधी उजेडाचं बघू.

तसा उजेड नव्हता असं नाही. पडवीत ट्यूबलाइट होती. पण ती पाठीमागे, म्हणजे पाय टाकायचा तिथेच नेमकी आपली सावली! दिवे हवे होते ते खाली, घोट्याजवळ. आणि 230 व्होल्टची तार भिजक्या अंगणातून न्यायची माझी तयारी नव्हती. कुदळ लागली, उंदराने कुरतडली, सांध्यात पाणी शिरलं की काय होतं ते सांगायला नको.

वायरमन माझा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "बाई, अडॅप्टर घरात भिंतीवर, कोरड्यात ठेवू. बाहेर फक्त बारा व्होल्ट जातील. तार उघडी पडली तरी जिवावर बेतणार नाही." अडॅप्टर मात्र चांगल्या प्रतीचाच हवा, कारण 230 चे बारा होतात ते त्याच्या पोटात. तिथलं इन्सुलेशन कच्चं असेल तर सगळीच गंमत. त्या लायनीवर त्याने 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबीही बसवला.

मला वाटत होतं, बारा व्होल्ट म्हणजे बिलही कमी. तसं काही नसतं हो. बिल वॅटवर. आमचे तीन-तीन वॅटचे आठ दिवे, म्हणजे चोवीस वॅट. 230 व्होल्टवर तेवढ्याला जेमतेम 0.1 अँपिअर प्रवाह लागतो, बारा व्होल्टवर पूर्ण दोन. व्होल्ट उतरले की अँपिअर चढतात, आणि खरी मेख तिथेच आहे.

मी ते पाण्यावरून समजून घेतलं. टाकी गच्चीवर असेल तर बारीक नळीतूनही पाणी जोरात येतं. तीच टाकी कमरेएवढ्या उंचीवर ठेवली तर तेवढंच पाणी मिळायला नळी जाड लागते. तारेचंही तसंच. 0.75 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वीस मीटर, जाऊन-येऊन चाळीस, म्हणजे साधारण एक ओहम. दोन अँपिअर गुणिले एक ओहम, म्हणजे दोन व्होल्ट वाटेतच गेले! 230 मधून दोन गेले तर कळतही नाही, बारातून गेले तर टोकाचे दिवे मिणमिणतात. आणि आमच्या टोकालाच तर पायऱ्या. (दिवे वाटेवर विखुरलेले असतात म्हणून घट प्रत्यक्षात याहून कमी, पण हिशेब वाईटाचाच धरावा.) 2.5 चौरस मिलिमीटरची तार घेतली तर हीच घट 0.6 व्होल्टवर येते. दुकानदार पातळ तार गळ्यात मारत होता, "बाराला काय लागतंय" म्हणून. मी जाडच आणली.

हा नियम 1827 साली पुस्तकात मांडणारा ओहम त्याआधी कित्येक वर्षं कोलोनच्या शाळेत शिकवत होता. शाळामास्तरच की!

शॉक बसत नाही म्हणून आगही लागत नाही, असंही कुणी समजू नये. तारा एकमेकींना चिकटल्या किंवा सांधा ढिला राहिला तर बारा व्होल्टवरही तार तापते. म्हणून बाराच्या बाजूलाही फ्यूज, आमच्याकडे तीन अँपिअरचा. अडॅप्टर चाळीस वॅटचा, म्हणजे काठोकाठ भरलेला नको. एलईडीला अधिक-उणे कळतं, एक दिवा उलटा जोडला गेला तो पेटेचना, सुलटा केल्यावर पेटला. सांधे जमिनीत न पुरता गडग्यावर डब्यांत घेतले.

रंग पिवळसर घेतला, 2700 केल्विनचा. पांढऱ्या निळसर दिव्यावर किडे जास्त येतात, आणि मध्यरात्री डोळ्यांनाही तो बोचतो. दिवे बाजूने, पायरीच्या कडेला, तोंड खाली करून लावले. त्यामुळे प्रत्येक पायरीची कड तिच्या सावलीने उठून दिसते. अडॅप्टर इन्व्हर्टरच्या लायनीवर आहे, आणि चोवीस वॅट म्हणजे बॅटरीला काहीच नाही. जुलैत वादळाने दोन रात्री लाइट नव्हती तेव्हाही वाट उजळलेली होती.

ह्यांनी पावसाळा विनातक्रार काढला. विजेरी अजून घेऊन जातात, पण पेटवत नाहीत, नुसती हातात असते. मुलगा गणपतीला आला, रात्री स्वतः दोनदा जाऊन आला, आणि पुण्याचा विषय त्याने काढला नाही.

आता विहिरीकडे आणखी पंधरा मीटर दिवे हवेत असं ह्यांचं म्हणणं. वायरमन म्हणतो, याच तारेला पुढे जोडायचं नाही, अडॅप्टरपासून वेगळी तार ओढायची. का, ते यावेळी मला विचारावं लागलं नाही.