बरणीचा दादरा

"रस्त्यावर बर्फ आहे का हे बघायला यंत्र कशाला? डोळे नाहीत का?" आईचा फोनवरचा प्रश्न. आता काय सांगू... इथे मिनेसोटात हिवाळ्यात डांबरावर बर्फाचा इतका पातळ थर धरतो की रस्ता नुसता ओला वाटतो. पुलावर तर आधी, कारण त्याला खालूनही गार वारा लागतो.

आमचा सेन्सर खांबावरून अवरक्त प्रकाश टाकतो. पाणी आणि बर्फ तो वेगवेगळा शोषतात, परतलेल्या प्रकाशावरून फरक कळतो. फक्त काच स्वच्छ हवी!

पेटी मी अगदी हवाबंद केली होती. गॅस्केट, वर सीलंट. जानेवारीतल्या एका पहाटे सेन्सर म्हणाला, पूल कोरडा. त्याच पुलावर माझी गाडी गर्रकन फिरून कठड्याला टेकली. मागे लेक बसली होती. कुणाला लागलं नाही, पण रात्रभर झोप नाही.

पेटी उघडली, तर काचेवर आतून हिम. गार होताना आतली हवा आकसते आणि बारीकशा फटीतूनही दमट हवा ओढून घेते. मग ओल आतच अडकते. वर, काही दिसेनासं झालं की जुनीच नोंद पुढे पाठवायची, हा शहाणपणा माझ्याच प्रोग्रामचा!

आजी लोणच्याच्या बरणीला दादरा बांधायची ते आठवलं. आता पेटीला हवा जाऊ देणारा, पाणी अडवणारा पडदा आहे, काचेला हीटर आहे. आणि दिसत नसेल तर सेन्सर सरळ "दिसत नाही" म्हणतो.

मी मात्र पुलाअलीकडे अजूनही गाडी हळू करतो.