झाली का गं शी?

आमच्या इंदूरच्या घरात पोटाचा विषय वर्ज्य नाही. आजोबांचं पोट साफ झालं की नाही हे सकाळच्या चहाबरोबर सगळ्यांना कळतं, आणि इसबगोलचा डबा साखरेच्या डब्याशेजारीच असतो. पण साडेतीन वर्षांच्या मुलीला चार-चार, पाच-पाच दिवस शी होत नाही, झाली तर ती रडून घर डोक्यावर घेते, हे बाहेर कुणाशी बोलायला जड जातं. ज्यांच्या घरी हेच चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आमची लेक पडद्यामागे जायची. पाय घट्ट जुळवून, टाचा उंचावून उभी राहायची. चेहरा लालबुंद. बघणाऱ्याला वाटे, बिचारी किती कुंथते, पण होतच नाही. बालरोगतज्ज्ञांनी मोबाइलवरचा व्हिडिओ बघितला आणि म्हणाले, "ती कुंथत नाहीये. शी रोखून धरतेय."

त्या एका वाक्याने सगळं उलगडलं. कधीतरी कडक शी होताना दुखतं आणि मूल ठरवतं, पुन्हा नको. रोखून धरलं की मोठं आतडं शीतलं पाणी शोषत राहतं, खडा आणखी कडक होतो, पुढच्या वेळी आणखी दुखतं. असं महिनोन्‌महिने चाललं की आतडं ताणलं जातं आणि शी आल्याची जाणीवच मंदावते. चड्डीला पातळ शी लागायची, त्याचंही कारण तेच. आम्हाला ते जुलाब वाटत होते, पण साचलेल्या खड्याच्या कडेने ती नकळत झिरपत होती. म्हणजे पोर हट्टी नव्हती, आळशीही नव्हती. घाबरलेली होती.

डॉक्टरांनी आधी बाकीची चौकशी केली. जन्मल्यावर पहिली काळी शी दोन दिवसांत झाली होती का? वजन वाढतंय का? पोट फुगतं का, हिरवी उलटी होते का, शीतून रक्त जातं का? बहुतेक मुलांत आतड्याचा कुठलाही आजार सापडत नाही. पण यातलं काही असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता लगेच दाखवायला हवं.

सासूबाईंकडे उपाय तयार होते. एरंडेल, नाहीतर विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून. त्यांनी तीन मुलं अशीच वाढवली. डॉक्टरांनी त्यांना बाजूला न सारता समोर बसवून सांगितलं, "आजी, हिला त्या जागेचीच भीती बसलीय. तिथे काही घातलं तर ती आणखी घट्ट धरून ठेवेल. आणि एरंडेलाने पोटात कळ येते." मग पाण्यात विरघळणारी पावडर सुरू झाली. पहिले काही दिवस डोस जास्त, साचलेलं सगळं निघून जाईपर्यंत, आणि नंतर रोज थोडा. डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

"रोज औषध? सवय लागेल हो!" हे प्रत्येक नातेवाइकाने ऐकवलं. हे औषध आतड्याला ढकलत नाही. ते पाणी धरून ठेवतं, त्यामुळे शी मऊ राहते, आणि त्याची सवय लागत नाही. उलट चार दिवस बरं वाटलं म्हणून बंद केलं, की खडा परत येतो. निदान दोन महिने तरी द्यायचं, सगळं सुरळीत होऊन महिना गेल्याशिवाय कमी करायचं नाही, आणि तेही हळूहळू. शी न दुखता होते, हा विश्वास मुलाला बसायला वेळ लागतो.

दुसरा उपाय फुकटचा होता. खाल्ल्यावर आतड्याची हालचाल वाढते, म्हणून नाश्त्यानंतर पाच-दहा मिनिटं कमोडवर बसायचं. पाय लोंबकळले तर जोर लागत नाही, म्हणून खाली लाकडी पाट, गुडघे कमरेपेक्षा जरा वर. बसली की वहीत एक चांदणी, शी होवो न होवो. हे काम सासूबाईंनी आपणहून घेतलं. बाथरूमच्या दारात स्टूल टाकून त्या रोज चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगू लागल्या, आणि कावळ्याचं घर रोज नव्या कारणाने वाहून जाऊ लागलं.

खाण्यात आम्ही दूध अर्ध्या लिटरच्या आत आणलं. दुधानेच पोट भरल्यावर जेवण जाणार कुठून? पेरू, पपई, भिजवलेल्या काळ्या मनुका, पोळीबरोबर भाजी, आणि पाणी. पोहे-शेव बंद केले नाहीत, इंदुरात ते शक्यही नाही. पण आतड्यात खडा साचलेला असताना नुसत्या भाजी-फळांनी भागत नाही, हेही लक्षात ठेवावं. शाळेत बाईंना एवढीच विनंती केली, की तिने बोट वर केलं की तिला लगेच जाऊ द्यावं.

सगळ्यात अवघड नियम मोठ्यांसाठी होता. "झाली का गं शी?" असं कुणी विचारायचं नाही. फोनवर नाही, जेवताना नाही, पाहुण्यांसमोर तर नाहीच. आजोबांना हे फार जड गेलं. सकाळी ते नातीकडे बघून तोंड उघडायचे आणि मग हवापाण्यावर बोलायचे.

मे महिन्यात गाडीने पुण्याला गेलो, तिथे नवी जागा, नवा संडास. तीन दिवस पुन्हा सगळं बंद. डॉक्टरांनी फोनवर डोस वाढवून दिला, आठवड्यात गाडी रुळावर आली. असं अधूनमधून व्हायचंच. औषध पूर्ण सुटायला आम्हाला नऊ महिने लागले. कुणाला त्याहून जास्तही लागतात.

आता ती स्वतःच पाट सरकवते आणि आजीला बाहेर थांबायला सांगते. दार मात्र आतून लावून घेते.