मेस्सीची पेठ

"काय रं पोरा, पेठ कुठली तुझी?"

फर्स्ट इयरला असताना कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर शेजारच्या एका आजोबांनी मला हे विचारलं आणि माझी बोलतीच बंद झाली. पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ अशी मॅच होती. माझा लॅब पार्टनर मंगळवार पेठेतला, म्हणजे जन्मापासून पाटाकडीलवाला. त्यानेच मला ओढून नेलं होतं. माझ्या अंगात बार्सिलोनाचा दहा नंबरचा टी-शर्ट!

"मी वाशीचा," मी म्हणालो.

"मुंबईचा व्हय?"

हे नेहमीचंच. "नाही आजोबा, धाराशिव जिल्ह्यातलं वाशी. आमच्याकडे फुटबॉल नाही. मी मेस्सीचा फॅन आहे."

आजोबांनी टी-शर्टकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "बरं. मग मेस्सीची पेठ कुठली?"

आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसलो. पण उत्तर येत नव्हतं, हे खरं.

मित्रांनो, कोल्हापूरचा फुटबॉल समजायचा तर आधी तालीम समजायला हवी. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. पेठापेठांतल्या तालमींत पैलवान घडले आणि पुढे त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ काढले. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल... ही नावं कुठल्या कंपनीने दिलेली नाहीत. इथे टीम निवडायची नसते. ज्या पेठेत जन्म, ती टीम. हरली तरी तीच! याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला.

त्या रात्री सबमिशन बाजूला ठेवून मी मेस्सीची पेठ शोधत बसलो. ती सापडली अर्जेंटिनातल्या रोसारियो शहरात. राजधानी ब्यूनस आयर्सपासून हे शहर सुमारे ३०० किलोमीटरवर, पराना नदीच्या काठी. तिथे आयझॅक न्यूवेल नावाच्या इंग्रज मास्तरांनी १८८४ मध्ये शाळा काढली. तिच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी १९०३ मध्ये क्लब स्थापन केला आणि नाव ठेवलं 'न्यूवेल्स ओल्ड बॉइज', म्हणजे न्यूवेल सरांची जुनी पोरं! (आमच्या कॉन्व्हेंटच्या माजी विद्यार्थ्यांचाही मेळावा व्हायचा, पण तो सामोसे खाऊन संपायचा.)

याच शहरात १८८९ मध्ये रेल्वेतल्या माणसांनी सुरू केलेला 'रोसारियो सेंट्रल' हा दुसरा क्लब. दोघांचं वैर म्हणजे पाटाकडील-शिवाजीच. असं सांगतात, की एकदा कुष्ठरोग्यांच्या मदतीसाठी मॅच ठरली, न्यूवेल्स तयार झाला आणि सेंट्रलने नकार दिला. तेव्हापासून न्यूवेल्सवाल्यांना 'कुष्ठरोगी' आणि सेंट्रलवाल्यांना 'हलकट' म्हणू लागले. गंमत म्हणजे दोघेही या शिव्या अभिमानाने मिरवतात! अर्जेंटिनाची लीग राजधानीच्या बड्या क्लबांची. न्यूवेल्सला पहिलं विजेतेपद मिळायला १९७४ साल उजाडलं. तेही सेंट्रलच्याच मैदानावर, ०-२ ने मागे पडून २-२ अशी बरोबरी करून. नाद खुळा!

मेस्सी लहानपणी या क्लबच्या पोरांच्या संघात खेळायचा. त्याची उंची वाढत नव्हती, हार्मोनची इंजेक्शनं महाग होती. अखेर २००० मध्ये, तेरा वर्षांचा असताना, तो बार्सिलोनाला गेला.

इथे मी वाचायचं थांबलो. मीसुद्धा दहाव्या वर्षी वाशी सोडलं. 'पोराचं इंग्लिश चांगलं होईल' म्हणून सोलापूरला, होस्टेलवर. तेव्हापासून गाव म्हणजे दिवाळी आणि मे महिना. इंग्लिश झालं चांगलं. पण 'मुंबईचा व्हय?' असं कुणी विचारलं, की कितीतरी वेळा मी नुसती मान हलवली आहे. समजावून सांगायचा कंटाळा, असं मी स्वतःला सांगायचो. खरं कारण लाज हे होतं.

२०२३ मध्ये आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी मेस्सी न्यूवेल्सच्या मैदानावर एका माजी खेळाडूच्या निरोपाची मॅच खेळला. वर्ल्ड कप जिंकून झाला होता, तरी पोरगा पेठेत आला!

मागच्या दिवाळीत गावी शाळेच्या मैदानावर गेलो. पोरं-पोरी खो-खो खेळत होती. 'तिकडे फुटबॉल नाही' हे मी आजोबांना लगेच सांगितलं होतं, पण आमच्याकडे काय आहे ते सांगायला मला सुचलं नव्हतं. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचं सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कॅप्टन सारिका काळे आमच्याच धाराशिवची. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. मला युरोपातल्या टीमचे राखीव खेळाडू पाठ होते, आणि हे माहीत नव्हतं.

मैदानाच्या कडेला बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी डोळे बारीक करून मला न्याहाळलं.

"कुणाचा रं तू?"

मी वडिलांचं नाव सांगितलं, आजोबांचंही. बाबा सरकून बसले आणि शेजारची जागा हाताने झटकली.

"मंग उभा काय? बस की."