साकव

'चाळिशी' हा शब्द ज्याने मराठीत रूढ केला, त्याच्या रसिकतेला माझा नमस्कार आहे. वय आणि चष्मा या दोघांनाही त्याने एकच नाव देऊन टाकले! एक लपवायला जावे, तर दुसरी नाकावर बसलेलीच. गेल्या वर्षी मलाही ती लागली. वर्तमानपत्र हळूहळू हातभर लांब गेले, आणि एके दिवशी हातच अपुरे पडू लागले. "अहो, पेपर समोरच्या भिंतीला चिकटवून देऊ का?" अशी घरातून विचारणा झाली, तेव्हा मी शरण गेलो.

माझा नंबर जिने काढला, ती माझीच विद्यार्थिनी. तिच्याविषयीच आज सांगायचे आहे. नाव मात्र सांगणार नाही. ती लाजेल, आणि लाजून झाल्यावर रागावेल.

मी भोरचा. नोकरी वेल्ह्याकडच्या एका शाळेत, चित्रकला शिक्षकाची. (२०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने तालुक्याला 'राजगड' हे नाव देण्याचे ठरवले, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच बसले आहे.) शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, म्हणजे हल्लीची दहावी, पुढे हातात ब्रश आला तो आलाच. दोनतीन कादंबऱ्याही लिहिल्या आहेत. तेव्हा विज्ञान हा माझा प्रांत नव्हे, हे वाचकांनी आधीच समजून घ्यावे.

मुलगी तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीतली. वाडी आणि सडक यांच्यामध्ये ओढा. आता तिथे सिमेंटची मोरी झाली आहे. पण तिच्या लहानपणी पावसाळ्यात साकव घालीत. दोनतीन ओंडके आडवे टाकायचे, वर कामट्या बांधायच्या, धरायला एक लांब बांबू. मोठा पूर आला की तो वाहून जाई आणि वाडीची माणसे मुकाट्याने नवा घालीत. त्या साकवावरून ही आणि तिचा थोरला भाऊ शाळेत येत.

या भावाविषयी लिहिताना माझी लेखणी अडखळते. चित्र काढताना तो नाक कागदाला टेकवी. "अरे, चित्र काढतोस की हुंगतोस?" असे मी म्हणे आणि वर्ग हसे. फळ्यावरचे तो चुकीचे उतरवी, शेजाऱ्याच्या वहीत डोकावे, म्हणून मी त्याला उठवून शेवटच्या बाकावर बसवले. नववीत तो नापास झाला आणि शाळा सुटली. पुढे वर्षभराने गावात नेत्रतपासणीचे शिबिर झाले. त्यात त्याला चष्मा लागला. पण तोवर तो महामार्गावरच्या एका कारखान्यात जाऊ लागला होता.

कदाचित त्याच्यामुळेच असेल, बहिणीने बारावीनंतर ऑप्टोमेट्रीचा ध्यास घेतला. हा दुकानातला चष्मे विकण्याचा धंदा नव्हे आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे कामही नव्हे. डोळे तपासणे, नंबर काढणे, रोगाची चाहूल लागताच रोग्याला वेळेवर डॉक्टरांकडे धाडणे, हे या शास्त्राचे काम. त्याची पदवी देणारी आपल्या देशातली पहिली संस्था १९८५ साली मद्रासेत निघाली. २०२१ च्या कायद्याने या व्यवसायाला देशभर मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे जगात निदान २२० कोटी माणसांची दृष्टी अधू आहे. त्यांतल्या निदान १०० कोटींचे अधूपण टळू शकले असते किंवा त्यावर अजून इलाज व्हायचा आहे. आमच्या शेवटच्या बाकावरचा एक जण त्या कोटींत असणार, हे मला फार उशिरा कळले.

प्रवेश मिळाला, पुण्यातल्या एका महाविद्यालयात. पण अगदी शेवटच्या फेरीत. नव्या मुलांसाठी तिथे पहिले तीन आठवडे 'सेतू अभ्यासक्रम' असे. हा शब्द आपल्याला नवा नाही. २०२१ साली, शाळा बंद असताना, सरकारने शाळांसाठी ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम काढला होता. आणि उत्पन्नाचा दाखला काढायला जिथे जातो, त्या केंद्राचे नावही सेतूच! दाखले, याद्या, फेऱ्या हे सारे सेतू ओलांडून पोरगी पोहोचली, तेव्हा खरा सेतू संपून चार दिवस झाले होते.

त्या दिवाळीत ती घरी आली ती सामान घेऊनच. माझ्याकडे येऊन म्हणाली, "सर, मला नाही जमायचं. मी परत येते."

तिची अडचण मी हळूहळू काढून घेतली. बारावीला जीवशास्त्र घेतले होते, गणित सोडले होते. शास्त्राची पुस्तके इंग्रजीत, पण सर समजावून सांगत मराठीत. परीक्षेपुरते इंग्रजी पाठ केलेले. दहावीच्या पुस्तकातली निकटदृष्टिता, अंतर्वक्र भिंग, दृष्टिपटल ही सगळी मंडळी तिच्या चांगल्या ओळखीची. पण पुण्यात ती इंग्रजी पोशाखात भराभर समोरून गेली आणि हिला एकही ओळखता आली नाही. शिवाय कोन, टॅन, उणे-अधिक चिन्हे. वर्गात प्रश्न विचारायची लाज. बाकी मुलांना सगळे येते, आपणच मठ्ठ, अशी तिची खात्री झाली होती.

मठ्ठ! हा शब्द मी तिच्या भावाला किती सहज वापरला होता.

मला टॅन येत नव्हता. पण मी पेन्सिल घेतली, हात लांब केला, एक डोळा मिटला आणि आम्ही चित्रकार माप घेतो तसे तोरण्याचे माप घेतले. अख्खा प्रचंडगड अर्ध्या पेन्सिलीत मावला. म्हटले, "बघ. पेन्सिल वीतभर, गड एवढा मोठा. पण डोळ्यापाशी कोन दोघांचा सारखाच. जवळचे लहान आणि लांबचे मोठे, उंची भागिले अंतर."

"सर, हाच तर टॅन!"

"असेल बाई. आम्ही त्याला माप म्हणतो."

ती प्रथमच हसली. मग भिंगाच्या शक्तीकडे वळली. एक भागिले मीटरमधले नाभीय अंतर, म्हणजे डायॉप्टर. हे सूत्र तिला पाठ होते, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. उदाहरणाला म्हणून तिने भावाच्या चष्म्याची चिठ्ठी काढली. उणे चार. "एक भागिले चार, म्हणजे पाव मीटर. पंचवीस सेंटिमीटर." तिने पंजा पसरून ओसरीच्या जमिनीवर अंतर मोजले. एक वीत आणि दोन बोटे. त्या दोन बोटांवर तिची नजर थांबली.

"सर, चष्म्याशिवाय दादाला याच्यापुढचं स्पष्ट दिसतच नाही. मग फळा तर..."

वाक्य तिने पुरे केले नाही. मीही केले नाही.

भाऊबीजेला भावाने ओवाळणीत गणकयंत्र घातले, आणि दुसऱ्या दिवशी तिला मोटारसायकलवरून नसरापूरला एस. टी.त बसवून दिले. पुण्यात तिने धीर करून एका मॅडमना सारे सांगितले. तिच्यासारखी उशिरा आलेली आणखी पाच मुले निघाली! मॅडमनी त्या सहांसाठी संध्याकाळी पुन्हा तो अभ्यासक्रम घेतला. जीवशास्त्रवाल्यांना गणित, गणितवाल्यांना डोळ्याची रचना, आणि सर्वांना इंग्रजी. गंमत म्हणजे गणितात हुशार असलेला एक शहरी मुलगा डोळ्याच्या आकृतीशी अडला होता. त्याला ती हिने शिकवली.

मला वाटते, सेतू हा शब्द या गोष्टीला फार भारदस्त होतो. सेतू एकदा बांधला की युगानुयुगे टिकला पाहिजे. हा तर साकव. दर पावसाळ्यात नवा घालावा लागणारा, दोन्ही काठांवर नीट टेकवावा लागणारा. नुसता पलीकडचा काठ बघून टाकलेला ओंडका पाण्यात जातो. मूल कुठे उभे आहे, तेही बघावे लागते. आणि मुख्य म्हणजे, साकवावरून येणाऱ्याला आमच्याकडे कोणी विचारीत नाही, "काय रे, तुला पोहता येत नाही वाटतं?"

आता तिचे चौथे वर्ष, प्रत्यक्ष कामाचे. गेल्या वर्षी सुट्टीत तिने माझे डोळे तपासले आणि लगोलग मला कामाला लावले. स्नेलेन नावाच्या डच डॉक्टराने १८६२ साली काढलेल्या तक्त्याचे गणित तिने सांगितले : अक्षर पाच घरे उंच, रेघ एक घर जाड. सर्वांत मोठे अक्षर सुमारे ८७ मिलिमीटर. सहा मीटरवरून निरोगी डोळ्याने वाचायचे, ते जेमतेम पावणेनऊ. मी आयुष्यात इतके काटेकोर चित्र काढले नव्हते. तक्ता शाळेच्या व्हरांड्यात लागला, सहा मीटरवर मी पांढरी रेघ मारली. यंदा जूनमध्ये प्रत्येक मुलाला तिथे उभे केले. तिघे अडखळले. तिघांच्याही घरी मी स्वतः जाऊन आलो.

परवा तिचा भाऊ काही कामाने शाळेत आला होता. सहज रेघेवर उभा राहिला, शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचून गेला. मग चष्मा काढून हसत म्हणाला, "सर, आता वरचं मोठंसुद्धा नाही दिसत. फळा मला नेहमी असाच दिसायचा. नुकताच पुसल्यासारखा."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. चहा घेऊन तो गेला. मी बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिलो. अक्षरे धूसर दिसत होती. चाळिशीतून लांबचे धूसर दिसते, असे तिने मला बजावलेच होते. मी चष्मा काढला, पुसला. तरी धूसरच.